ढकललं की उडी मारली? जोकर-हार्लीची 'लव्हस्टोरी' नीट बघूया

माझी मावसबहीण पुण्यात हॉस्टेलला असते, वय 19. मागच्या दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या मोबाईलच्या कव्हरवर जोकर आणि हार्ली क्विन होते, एकमेकांना घट्ट मिठी मारलेले, आजूबाजूला रंगीबेरंगी केमिकल. मी म्हटलं हे काय गं, तर म्हणाली, "ताई, रिलेशनशिप असावी तर अशी, ती त्याच्यासाठी केमिकलच्या टाकीत उडी मारते आणि तोपण तिच्यामागे मारतो." घरात फराळाला पाहुणे होते म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ती उडी मला माहितीये, ती मुळात उडी नव्हतीच, आणि ती उडी कशी झाली हे कळलं ना की टॉक्सिक नातं आतून कसं चालतं ते बऱ्यापैकी कळतं. म्हणून हे सगळं तिच्यासाठी लिहितेय, आणि ज्यांना ज्यांना ही जोडी 'कपल गोल्स' वाटते त्यांच्यासाठीही.

सुरुवातीपासून सांगते. जोकर म्हणजे बॅटमॅनचा कट्टर शत्रू, विदूषकासारखा दिसणारा खुनी, आणि हार्ली क्विन त्याची साथीदार. ती आधी कॉमिकमध्ये नव्हती. बॅटमॅनची जी कार्टून सिरीज होती तिच्यात ती 11 सप्टेंबर 1992 ला पहिल्यांदा दिसली. लेखक पॉल डिनी आणि चित्रकार ब्रूस टिम यांनी जोकरला एक मदतनीस हवी म्हणून तिला आणली, फार पुढचा विचार नव्हता. डिनीची कॉलेजची मैत्रीण आर्लीन सॉर्किन एका अमेरिकन टीव्ही मालिकेत काम करायची, तिच्यात एका स्वप्नाच्या सीनमध्ये तिने विदूषकाचा ड्रेस घातला होता, तो डिनीच्या लक्षात राहिला आणि त्यावरून हार्ली सुचली. आवाजपण सॉर्किननेच दिला. लोकांना ती इतकी आवडली की ती राहिलीच.

मग 1994 मध्ये डिनी आणि टिमने 'मॅड लव्ह' नावाचं कॉमिक काढलं, त्यात तिची आधीची गोष्ट सांगितली. त्याला त्या वर्षीचं आयझनर अवॉर्ड मिळालं, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधला सगळ्यात मानाचा पुरस्कार. माझ्या मते या विषयावर यापेक्षा चांगलं अजून कोणी काही केलेलं नाही, सिनेमावाल्यांनीसुद्धा नाही.

हार्लीन क्विंझेल ही मानसोपचाराची डॉक्टर, आर्कम नावाच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात नवीन रुजू झालेली. हुशार, महत्त्वाकांक्षी, मोठ्या केसवर काम करून नाव कमवायचंय. एक दिवस तिच्या ऑफिसात टेबलावर एक गुलाब असतो आणि सोबत चिठ्ठी, कधीतरी खाली भेटायला ये, सही जोकर. आता हा माणूस कोठडीत बंद आहे आणि त्याचा गुलाब हिच्या टेबलावर कसा आला? ती चिडून त्याला विचारायला जाते, मी गार्डना सांगेन म्हणते, तर तो शांतपणे म्हणतो की सांगायचंच असतं तर एव्हाना सांगितलं असतंस. बघा, पहिल्याच भेटीत त्याने दोघांमध्ये एक सिक्रेट तयार केलं. मग तिच्या नावाचं कौतुक, हार्लीन क्विंझेल म्हणजे हार्लेक्विन, विदूषक, आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटलं वगैरे. आणि मग काही दिवसांनी तो तिला लहानपणाची गोष्ट सांगतो. बाप दारू पिऊन मारायचा, बापाला आयुष्यात एकदाच मनापासून हसताना बघितलं, सर्कशीला नेलं होतं तेव्हा. हे ऐकून ती विरघळते. एवढा क्रूर माणूस, पण आत एक मार खाल्लेलं पोरगं आहे आणि ते फक्त मला दिसलंय, जगाला नाही.

पुढे त्याच कॉमिकमध्ये एक जागा आहे जिथे माझ्या अंगावर काटा येतो. हार्लीने बॅटमॅनला पकडून उलटं टांगलंय आणि ती त्याला सांगतेय की तू जोकरला ओळखतच नाहीस, त्याने किती सोसलंय तुला माहीत नाही. बॅटमॅन म्हणतो, हो ना, ते आईस शोला नेलं होतं तेच ना, त्याच्या पॅरोल ऑफिसरलापण त्याने हेच सांगितलेलं. आणि ती त्याला दुरुस्त करते. आईस शो नाही, सर्कस. मला त्याने सर्कस सांगितलं होतं. बस, एवढंच. तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते बघाच. जिच्यावर सगळं आयुष्य ओवाळून टाकलं ती एक गोष्ट, आणि ती तो माणूस बघून बदलून सांगतो.

यानंतर जोकर येतो, आणि बॅटमॅनला मारायचा मान हिने घेतला या रागाने तिला वरून खिडकीतून ढकलून देतो. खाली गल्लीत ती हाडं मोडून पडलीये आणि पुटपुटतेय की चूक माझीच, मला जोक कळला नाही. नंतर हॉस्पिटलात बँडेजमध्ये ती ठरवते की आता बास, संपलं. आणि मग तिची नजर जाते बाजूला, तिथे फुलदाणीत गुलाब आहे, चिठ्ठी आहे, लवकर बरी हो. आणि ती हसते, पहिल्यासारखीच. कॉमिक तिथे संपतं.

आता थोडं थांबून हे सोप्या भाषेत बघू, कारण बरेच लोक इथे म्हणतात की एवढी शिकलेली बाई, स्वतः सायकियाट्रिस्ट, तिला कळत कसं नाही. कळण्याचा संबंध कमी आहे हो. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कबुतरांवर प्रयोग करायचे. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग एकदम बंद झाला तर कबुतर थोड्या वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो कधी नाही, नेम नाही, असं असेल तर ते चोच मारतच राहतं, दाणा कायमचा बंद झाला तरी कितीतरी वेळ मारतं. टॉक्सिक नात्यातला गुलाब हा तो दाणा आहे. रोज गुलाब देणारा माणूस आणि खिडकीतून ढकलल्यावर गुलाब देणारा माणूस, यात दुसऱ्याची ओढ जास्त घट्ट बसते, ऐकायला विचित्र वाटतं पण असंच होतं. 1981 मध्ये कॅनडातले डटन आणि पेंटर या दोघांनी यावर लिहिलं आणि त्याला ट्रॉमॅटिक बॉन्डिंग म्हटलं, आता आपण ट्रॉमा बॉन्ड म्हणतो तेच. त्यांचं म्हणणं, दोन गोष्टी एकत्र आल्या की हे बंधन तयार होतं, एक म्हणजे एकाच्या हातात सगळी सत्ता आणि दुसरी म्हणजे अधूनमधून त्रास आणि अधूनमधून प्रेम. म्हणजे ते प्रेम त्रास असूनही टिकतं असं नाही, त्रास आणि प्रेम आलटून-पालटून मिळतं म्हणूनच ते घट्ट होतं. (याचा अर्थ त्या बाईला त्रास आवडतो असा अजिबात नाही, हा गैरसमज फार घातक आहे.)

दुसरी गोष्ट म्हणजे मारहाण ही यातली फक्त दिसणारी बाजू. इव्हान स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये कोअर्सिव्ह कंट्रोलवर सविस्तर मांडणी केली, म्हणजे काय तर कोणाशी बोलायचं, काय घालायचं, पैसे कुठे खर्च करायचे, स्वतःबद्दल काय वाटून घ्यायचं, हे हळूहळू दुसऱ्याच्या ताब्यात जाणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने हा स्वतंत्र गुन्हा झाला. आपल्याकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ धरलेला आहे आणि लग्न न करता लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू होतो, हे अजून कितीतरी मुलींना माहीत नसतं. आपल्याकडे म्हण आहेच, पदरी पडलं पवित्र झालं. हार्लीचं पहिलं सगळं आयुष्य या एका म्हणीत बसतं.

आता टाकीची गोष्ट. मूळ 'मॅड लव्ह'मध्ये टाकी नाहीच आहे, तिथे ती स्वतःच ड्रेस घालून त्याला सोडवायला जाते. टाकी आली नंतर, 2012 च्या 'सुसाइड स्क्वॉड' कॉमिकमध्ये, आणि तिथे जोकर तिला तिच्या मनाविरुद्ध केमिकलमध्ये टाकतो. त्यातून तिची त्वचा पांढरी होते, ती बदलते. सरळसरळ हल्ला आहे तो. आणि मग 2016 ला त्याच नावाचा डेव्हिड आयरचा सिनेमा आला, मार्गो रॉबी हार्ली, जॅरेड लेटो जोकर. त्यात आधी जोकर तिला टेबलाला बांधून इलेक्ट्रिक शॉक देतो. मग टाकीपाशी नेऊन विचारतो, माझ्यासाठी मरशील का, नको, ते सोपं आहे, माझ्यासाठी जगशील का. ती हो म्हणते, हात पसरून मागे पडते. तो निघून चाललेला असतो, मग थांबतो, वैतागतो, आणि उडी मारतो. खाली रंगांचे ढग आणि किस. पोस्टर करण्यासारखी फ्रेम, आणि तीच माझ्या बहिणीच्या कव्हरवर.

लक्षात आलं का काय झालं? क्रियापद बदललं. 'त्याने ढकललं'चं 'तिने उडी मारली' झालं. शॉक देऊन डोकं ठिकाणावर न ठेवलेल्या बाईने दिलेला होकार हा होकार म्हणून दाखवला, आणि तो इतका सुंदर शूट केला की बघणाऱ्याला आधीचा शॉक आठवतच नाही. मला या सिनेमाबद्दल सगळ्यात जास्त राग याचा आहे. बाकी तिचं जॅकेट, मागे लिहिलेलं 'प्रॉपर्टी ऑफ जोकर', म्हणजे जोकरची मालमत्ता, किंवा क्लबमध्ये तो तिला एका गुंडाला भेट म्हणून देऊ करतो तो सीन, हे निदान उघड दिसतं. टाकीचा सीन मात्र रोमान्सच्या कपड्यात येतो. आणि सिनेमाच्या शेवटी तो जेलची भिंत फोडून तिला सोडवायला येतो, म्हणजे परत गुलाबच. फरक इतकाच की 1994 च्या गुलाबाकडे बघताना वाचकाच्या पोटात गोळा येतो आणि 2016 च्या गुलाबाला थिएटरात शिट्ट्या पडतात.

मग 2020 चा 'बर्ड्स ऑफ प्रे'. दिग्दर्शक कॅथी यान, पटकथा क्रिस्टीना हॉडसन, आणि मार्गो रॉबी स्वतः प्रोड्यूसर. सिनेमा सुरू होतो ब्रेकअपनंतर. जोकरने तिला घराबाहेर काढलंय, आणि आख्ख्या सिनेमात जोकरचा चेहरा नीट दिसत नाही, हे मला फार आवडतं. हार्ली सगळ्यांना सांगत सुटते की मीच त्याला सोडलं. खोटं आहे ते. मराठीत आपल्याकडे यासाठी एक भयंकर शब्द आहे, 'टाकलेली'. नवऱ्याने टाकलेली बाई. बाई जणू वस्तू, कोणीतरी धरली होती आणि आता खाली टाकली. हार्ली तशी टाकलेली आहे आणि ती सगळ्यांना सांगतेय की मी सोडून आलेय, कारण या दोन शब्दांमध्ये किती फरक आहे ते तिला पक्कं माहितीये. मग तिच्या ओळखीच्या बायकाच तिच्या मागे बोलतात की ही काय टिकायची नाही, जाईल परत त्याच्याकडे. तेव्हा ती काय करते, तर एक टँकर पळवते आणि थेट त्या केमिकलच्या कारखान्यात घुसवते, जिथे त्यांचं सगळं सुरू झालं तिथेच. आख्खा कारखाना फटाक्यांसारखा उडतो. 2012 ला ढकललं, 2016 ला उडी मारली, आणि 2020 ला टाकीच उडवून दिली. खोटं सांगितलेलं वाक्य तिने त्या रात्री खरं करून टाकलं.

पण मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बरेचसे सिनेमे 'तिने त्याला सोडलं'वर संपतात आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शहराला कळतं की हार्लीच्या मागे आता जोकर नाही. आणि मग जो तो तिच्यावर धावून येतो, ज्याचं ज्याचं तिने वाकडं केलं होतं तो प्रत्येक जण. आतापर्यंत कोणी हात लावत नव्हतं ते तिच्या भीतीने नव्हे, तर ती ज्याची मालमत्ता त्याच्या भीतीने. ज्याला ती संरक्षण समजत होती ते खरं तर कुंपण होतं, आणि कुंपणाच्या बाहेर जे लांडगे आहेत तेही त्याच जगाचा भाग आहेत. ज्या बायका सोडून येतात त्यांना हे बरोबर माहीत असतं. भाड्याने घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, मिस्टर कुठे असतात. त्या सिनेमातला रोमन सायोनिस हा गुंड तिला तोंडावर हेच सांगतो की तू एकटी काही नाहीस, आता तुला माझी गरज आहे. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मालक गेला तर दुसरा मालक हजर.

आणि ती बऱ्या लोकांवर विश्वास ठेवते तिथेही ठेच लागते, ज्याच्या रेस्टॉरंटच्या वर ती राहते तो प्रेमळ म्हातारा डॉकसुद्धा पैशासाठी तिला विकतो. हार्ली स्वतःही काही साधीसुधी नाही हं, कॅसांड्रा नावाच्या पोरीला ती स्वतः सायोनिसच्या हवाली करायला निघालेली असते. नंतर तिची माफी मागते. मला ते पटतं, कारण बाईने स्वतंत्र व्हायला आधी सज्जन असलं पाहिजे अशी अट कोणी घातली? चूक करायची आणि ती स्वतःच्या नावावर घ्यायची, हेही स्वातंत्र्यच की. 'चूक माझीच, मला जोक कळला नाही' या वाक्यापेक्षा 'मी तुला विकायला निघाले होते, सॉरी' हे वाक्य फार वेगळं आहे. पहिल्यात तिची चूक नव्हती आणि तिने घेतली, दुसऱ्यात होती आणि घेतली.

त्या सिनेमात दोन अगदी छोट्या गोष्टी आहेत. एक म्हणजे सकाळी तिला प्रचंड भूक लागलीये आणि ती तिच्या आवडीच्या टपरीवजा दुकानात अंडं-चीजचं सँडविच बनवून घेते, कॅमेरा त्या तव्याकडे असा बघतो जसा इतर सिनेमे हिरोकडे बघतात. एक घास घ्यायच्या आत पाठलाग सुरू होतो आणि ते सँडविच रस्त्यावर पडतं, आणि ती जी काही कळवळते ना! स्वतःला काय खायचंय हे स्वतः ठरवणं, स्वतःच्या पैशाने घेणं, यात केवढं काय आहे हे ज्यांनी वर्षानुवर्षं 'तुला काय आवडतं'ला 'यांना जे आवडतं ते' असं उत्तर दिलंय त्यांना विचारा. दुसरी गोष्ट क्लायमॅक्सच्या मारामारीत आहे. हार्लीच्या बाजूने लढणाऱ्या ब्लॅक कॅनरीचे केस तोंडावर येतायत, लढताना त्रास होतोय, आणि हार्ली मध्येच तिला विचारते, हेअर टाय हवाय का, आणि देते. एका सेकंदाचा सीन. एवढे सुपरहिरो सिनेमे झाले, एवढ्या बायका मोकळे केस सोडून लढल्या, फारसं कोणाला सुचलं नव्हतं, कारण त्या बायका कोणीतरी बघावं म्हणून तशा ठेवलेल्या असायच्या. लढताना केस बांधावे लागतात हे ज्यांना माहितीये त्यांनी हा सिनेमा बनवलाय.

मैत्रीचा धागा तसा जुना आहे. 1993 मध्येच कार्टूनच्या एका भागात जोकर हार्लीला हाकलतो आणि ती पॉयझन आयव्ही या बॅटमॅनच्याच दुसऱ्या एका खलनायिकेसोबत राहायला जाते, आयव्ही तिला स्पष्ट सांगते की हा माणूस तुझ्या लायकीचा नाही. हार्ली तेव्हा ऐकत नाही. पण ओळख राहते. कोअर्सिव्ह कंट्रोल करणारा पहिल्यांदा मैत्रिणी तोडतो, त्यामागे हेच कारण असतं.

हार्ली पडद्यावर आली त्याच 1992 मध्ये, फक्त तीन महिने आधी, जूनमध्ये टिम बर्टनचा 'बॅटमॅन रिटर्न्स' आला होता. त्यात मिशेल फायफरची सेलिना काइल, बॉसला कॉफी देणारी घाबरट सेक्रेटरी. तिला काहीतरी कळलंय म्हणून बॉस मॅक्स श्रेक तिला खिडकीतून ढकलतो. परत खिडकी, परत उंचावरून खाली. ती उठते, घरी येते, आणि भिंतीवरच्या निऑनच्या अक्षरांमधली दोन फोडते, 'हॅलो देअर'चं 'हेल हिअर' होतं, आणि ती कॅटवूमन होते. शेवटी बॅटमॅन मास्क काढून तिला म्हणतो चल, घरी जाऊ. तो चांगला माणूस आहे, श्रीमंत आहे, तिच्यावर खरंच प्रेम करतो. आणि ती रडत नाही म्हणते, तुझ्या वाड्यात राहायला आवडलं असतं पण मग मला स्वतःसोबत राहता आलं नसतं. टॉक्सिक माणसाला नाही म्हणणं कठीण आहेच, पण इथे तर समोर चांगला माणूस आहे.

2021 च्या 'द सुसाइड स्क्वॉड'मध्ये जेम्स गनने हार्लीला नवीन माणूस दिला, एका बेटाचा देखणा राष्ट्राध्यक्ष, गुलाबी दिवस, लग्नाची मागणी. आणि मग तो सहज बोलता बोलता सांगतो की विरोधकांच्या पोरांनाही तो सोडणार नाही. ती तिथल्या तिथे त्याला गोळी घालते, आणि पुढच्या बॉयफ्रेंडमध्ये रेड फ्लॅग, म्हणजे धोक्याची खूण, दिसली तर त्याला सरळ मारून टाकायचं असं स्वतःला दिलेलं वचन सांगते. गोळी हा सिनेमाचा भाग, तो सोडा. महत्त्वाचं हे की गुलाब हातात असताना तिला झेंडा दिसला. नंतर टीम तिला सोडवायला येते तोवर ती स्वतःच सुटून रस्त्यावरून चालत आलेली असते.

2024 चा 'जोकर: फोली आ ड्यू' मात्र सगळं उलटं करतो. लेडी गागाची ली, म्हणजे या सिनेमातली हार्ली, आर्थरला, म्हणजे जोकर झालेल्या माणसाला, सांगते की मी तुझ्याच वस्तीतली, बाप मेला, मी घर पेटवलं. सगळं खोटं. ती श्रीमंत घरची, स्वतःहून हॉस्पिटलात भरती झालेली. म्हणजे इथे सर्कशीची गोष्ट तिने रचली. तिला आर्थर नकोच आहे, तिला जोकर हवाय, आणि कोर्टात आर्थर जेव्हा सांगतो की जोकर वगैरे कोणी नाही, मीच आहे, तेव्हा ती उठून निघून जाते. सिनेमा मला जमलेला वाटला नाही, पण ही एक गोष्ट त्याने बरोबर पकडली की मुखवट्यावर प्रेम करणं हे माणसावर प्रेम करणं नसतं, आणि हे दोन्ही बाजूंनी होऊ शकतं.

बहिणीला मी हे सगळं एकदम नाही सांगितलं. फोनवर फक्त सर्कस आणि आईस शोची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे तिलाच फक्त माहितीये असं जे तिला वाटत होतं, ते त्याने सगळ्यांनाच सांगितलेलं?" मी म्हटलं हो. मग तिने विचारलं ते कॉमिक कुठे मिळेल. मी माझी कॉपी कुरिअरने पाठवली, आणि मधे एक केसांचा रबर घातला, बुकमार्क म्हणून.